पळणाऱ्याचा हिशोब कोण ठेवतं? एनएफएलचा रनिंग बॅक आणि धाराशिवचा खो-खो

२०२५ च्या सुरुवातीला तीन आठवड्यांच्या अंतरानं दोन फायनल झाल्या. १९ जानेवारीला दिल्लीच्या इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियममध्ये पहिल्यावहिल्या खो-खो वर्ल्ड कपमध्ये भारताच्या महिलांनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. कॅप्टन होती प्रियांका इंगळे, आणि टीममध्ये आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदे होती. ९ फेब्रुवारीला अमेरिकेत सुपर बोल झाला. फिलाडेल्फिया ईगल्सनं कॅन्सस सिटी चीफ्सला ४०-२२ नं हरवलं. ईगल्सकडून खेळणाऱ्या सॅक्वॉन बार्कलीचा त्या दिवशी २८ वा वाढदिवस होता.

बार्कली हा रनिंग बॅक. त्याचं काम पळण्याचं. अश्विनीचंही अर्धं काम तेच. दोघंही जगात सगळ्यात वर पोचले. पण आता मोबाईल हातात घ्या आणि दोघांची नावं सर्च करून बघा. बार्कलीची प्रत्येक धाव सापडेल: कुठल्या मिनिटाला, किती यार्ड, किती वेगानं, समोर किती जण होते. अश्विनीचं नाव टाकलं की सत्काराचे फोटो, हार, गुलाल, बातम्या. ती किती सेकंद पळाली, कुणाला कुठल्या खांबाजवळ बाद केलं, हे शोधायला गेलात तर बराच वेळ जाईल.

यावर पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: आपल्याकडे पण अमेरिकेसारखा डेटा पाहिजे. मला ते इतकं सरळ वाटत नाही. कारण त्या डेटानं रनिंग बॅकचं काय केलं, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही.

रनिंग बॅक म्हणजे नेमका कोण?

अमेरिकन फुटबॉल हा आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन समोरच्या टोकापर्यंत न्यायचा. टीमला चार प्रयत्न मिळतात आणि त्यात किमान १० यार्ड पुढे सरकावं लागतं. तेवढं जमलं की परत चार प्रयत्न. क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू चेंडू एकतर लांब फेकतो, नाहीतर मागं उभ्या असलेल्या रनिंग बॅकच्या हातात देतो. मग त्यानं समोरच्या भिंतीतून फट शोधायची, हुलकावणी द्यायची आणि पळायचं. फरक इतकाच की खो-खोमध्ये पाठीवर हात लागला की बाद. इथं शंभर-सव्वाशे किलोची माणसं अंगावर येऊन आदळतात. प्रत्येक धावेला.

त्यामुळे रनिंग बॅकचं शरीर लवकर झिजतं. एनएफएलमध्ये या जागेवरच्या खेळाडूचं सरासरी करिअर अडीच वर्षांच्या आसपास असतं, असा आकडा खेळाडूंच्या संघटनेच्या हवाल्यानं नेहमी सांगितला जातो.

आता यात नियमांची गंमत बघा. शाळा संपल्यावर तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएलमध्ये घेत नाहीत. म्हणजे मुलगा येतो २१-२२ व्या वर्षी. ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा आणि रक्कम जवळपास ठरलेली. पहिल्या फेरीत निवडला गेला असेल तर टीम पाचवं वर्षही स्वतःकडे ठेवू शकते. त्यानंतर 'फ्रँचायझी टॅग' नावाचं हत्यार आहे. टीम म्हणते, याला आम्ही आणखी एक वर्ष ठेवतोय, ठरलेल्या पैशात. तो मोकळेपणानं बाहेर बोली लावून घेऊ शकत नाही. असं करत करत मोकळ्या बाजारात यायला २६-२७ वं वर्ष उजाडतं. आणि तेव्हा टीमच म्हणते, बाबा, तुझे पाय आता थकले.

बार्कलीचं अगदी हेच झालं होतं. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क जायंट्सनं त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. २०२३ मध्ये त्याला टॅग लावला. त्या वर्षी रनिंग बॅकचा टॅग होता १ कोटी ९१ हजार डॉलरचा. क्वार्टरबॅकचा ३ कोटी २४ लाखांच्या घरात. किक मारणारे सोडले तर सगळ्या जागांमध्ये रनिंग बॅकचा टॅग सगळ्यात कमी. जुलै २०२३ मध्ये ऑस्टिन एकलरच्या पुढाकारानं देशभरातल्या मोठ्या रनिंग बॅकनी झूम कॉलवर मीटिंग घेतली. विषय एकच, आपला भाव का पडतोय. कोट्यधीश खेळाडू झूमवर बसून 'आता करायचं काय' म्हणतायत. आपल्याकडं सोयाबीनचा भाव पडल्यावर व्हॉट्सॲप ग्रुपवर चालते तशीच चर्चा.

खांद्यातली चिप

भाव पडायला कारणं बरीच होती. खेळ हळूहळू लांब फेकण्याकडे झुकला, हे सगळ्यात मोठं. पण एक कारण आपल्या वेबसाइटच्या विषयातलं आहे.

२०१४ पासून एनएफएलनं खेळाडूंच्या खांद्याच्या पॅडमध्ये नाण्याएवढ्या आरएफआयडी चिप बसवायला सुरुवात केली. स्टेडियमभोवती रिसीव्हर लावलेले असतात. चिप सतत सिग्नल सोडते, रिसीव्हर तो पकडतात आणि कोणत्या रिसीव्हरला तो कधी, कसा मिळाला यावरून खेळाडू कुठं आहे ते काढतात. सेकंदाला साधारण १० वेळा. मैदानावर २२ खेळाडू, म्हणजे एका सेकंदात २२० नोंदी. नंतर चेंडूतही चिप आली.

'जीपीएस का नाही वापरत?' असं कुणी विचारेल. तुमच्या फोनचं जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण ५ मीटरपर्यंत चुकू शकतं. स्विगीवाला शेजारच्या गल्लीत उभा राहतो ते यामुळेच. खो-खोचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. त्यात ५ मीटरची चूक म्हणजे खेळाडू मध्यरेषेच्या अलीकडे होता की पलीकडे, हेच कळायचं नाही. एनएफएलच्या चिपचा अंदाज काही इंचांपर्यंत जातो.

एवढा डेटा जमल्यावर लीगनं तो लोकांपुढे ठेवला. २०१९ च्या शेवटी कॅगल या वेबसाइटवर 'बिग डेटा बोल' स्पर्धा झाली. प्रश्न असा होता: रनिंग बॅकच्या हातात चेंडू पडला त्या क्षणी मैदानावरच्या २२ जणांची जागा, वेग आणि दिशा तुम्हाला दिली, तर तो किती यार्ड जाईल ते सांगा. जिंकले कोण, तर ऑस्ट्रियात काम करणारे दोन डेटा सायंटिस्ट, फिलिप सिंगर आणि दिमित्री गोर्डेव्ह. अमेरिकन फुटबॉलशी त्यांचा फारसा संबंध नव्हता. त्यांनी रनिंग बॅक कोण आहे, त्याचं नाव काय, याच्यात डोकंच घातलं नाही. बचाव करणारे त्याच्यापासून किती लांब आहेत आणि कुठल्या वेगानं त्याच्याकडे येतायत, मुख्यतः एवढंच मॉडेलला शिकवलं.

नाव न सांगताही अंदाज इतका चांगला येत असेल, तर त्याचा अर्थ काय? चेंडू हातात यायच्या आधीच त्या धावेचं बरंचसं भवितव्य ठरलेलं असतं. पुढं ढकलाढकली करून वाट मोकळी करणारे खेळाडू कसे आहेत, त्यावर ते ठरतं. टीमच्या मालकांनी यातून सोपा निष्कर्ष काढला: मग महागडा रनिंग बॅक कशाला? स्वस्तातला चालेल.

डेटा खोटा नव्हता. पण तो ठेवणारा, वाचणारा आणि त्यावरून पगार ठरवणारा एकच होता. चिप खेळाडूच्या खांद्यात, डॅशबोर्ड मालकाच्या टेबलावर.

आता बार्कलीच्याच आकड्यांकडे बघा. २०२३ मध्ये जायंट्सकडून ९६२ यार्ड. मार्च २०२४ मध्ये ईगल्सनं त्याला तीन वर्षांसाठी ३ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलरला घेतलं, आणि त्या मोसमात २००५ यार्ड! एनएफएलच्या इतिहासात एका मोसमात २००० यार्ड ओलांडणारे त्याच्या आधी फक्त आठ जण. माणूस तोच, पाय तेच, वय एकानं वाढलेलं. पण ईगल्सची वाट मोकळी करणारी फळी लीगमधल्या उत्तम फळ्यांपैकी होती. म्हणजे मॉडेलचं म्हणणं खरं ठरलं ना? हो, अर्धं. दुसरं अर्धं असं की त्या फळीमागं आधीही चांगले रनिंग बॅक होते, पण २००५ यार्ड बार्कलीनंच काढले. मार्च २०२५ मध्ये त्याला दोन वर्षं वाढवून ४ कोटी १२ लाख डॉलरचा करार मिळाला. वर्षाला २ कोटी डॉलरच्या वर जाणारा तो पहिला रनिंग बॅक. अशी उसळी एखाद्याच्याच नशिबी येते, बाकीचे तिथवर पोचायच्या आधीच घरी जातात.

तुळजापूरच्या वाटेवर

आता धाराशिवला येऊ. इथं पळणाऱ्याचं करिअर कसं घडतं, याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे सारिका काळे.

तेराव्या वर्षी ती खो-खोत आली. घरची परिस्थिती फार बिकट. जवळपास दहा वर्षं आपण आणि घरच्यांनी एक वेळच्या जेवणावर काढली, असं तिनं अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तेव्हा वृत्तसंस्थेला सांगितलं होतं. आई शिवणकाम आणि घरकामं करायची. २०१६ मध्ये गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धा झाल्या, तिथं भारताच्या महिला टीमनं सुवर्ण जिंकलं आणि कॅप्टन होती सारिका. त्याच वर्षी पैशाच्या अडचणीमुळे तिनं खेळ सोडायचं जवळपास ठरवलं होतं. तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातली आणि ती परत मैदानात उतरली.

एकच वर्ष, देशाची कॅप्टन आणि खेळ सोडायच्या बेतात. बार्कलीचं भांडण एक कोटी डॉलर की दोन, याचं होतं. इथं प्रश्न उद्याच्या जेवणाचा होता.

पुढे २०१९ च्या सुमारास तिला सरकारी नोकरी मिळाली, क्रीडा अधिकारी म्हणून, तुळजापूरला. २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार. खो-खोला तो २२ वर्षांनी मिळत होता. त्याच वर्षी पुरस्काराची रक्कम ५ लाखांवरून १५ लाख झाली होती, आणि कोरोनामुळे राष्ट्रपतींनी पुरस्कार दूरदृश्य प्रणालीवरून दिले. तेव्हा सारिका २७ वर्षांची होती. म्हणजे बरोबर त्या वयाची, जिथं अमेरिकेतला रनिंग बॅक 'आता पुढं काय' म्हणून एजंटला फोन लावत असतो.

मला यात महत्त्वाची वाटते ती नोकरी. पदक, पुरस्कार सगळं ठीक, पण पळणाऱ्याच्या पायाला मुदत असते आणि त्या मुदतीपलीकडची सोय धाराशिवमध्ये लीगनं केलेली नाही, सरकारी नोकरीनं केली. अल्टिमेट खो-खो ही प्रोफेशनल लीग २०२२ मध्ये पुण्यात बालेवाडीला सुरू झाली. सहा टीम, झगमगाट, मोबाईलवर सोनीलिव्हवर लाइव्ह. पहिलं विजेतेपद ओडिशा जगरनॉट्सनं घेतलं, दुसऱ्या मोसमात गुजरात जायंट्सनं. पण हे दोन्ही मोसम फक्त पुरुषांचे. सारिकाच्या जिल्ह्यातल्या मुलींनी ते स्क्रीनवर बघितले, एवढंच.

वर्ल्ड कपनंतर चित्र थोडं हललं. महाराष्ट्र सरकारनं आपल्या विजेत्या खेळाडूंना प्रत्येकी २ कोटी २५ लाख रुपये जाहीर केले. फरक कळायला शेजारी बघा. कर्नाटकच्या गौतम एम. के. आणि चैत्रा बी. यांना त्यांच्या सरकारनं ५ लाख देऊ केले, तेव्हा दोघांनी ते नाकारले आणि महाराष्ट्राकडे बोट दाखवलं. आणि चैत्रा कोण, तर फायनलमधली सर्वोत्तम खेळाडू. त्याच फायनलचं तेच पदक, पण तुमचं आधार कार्ड कुठल्या राज्यातलं आहे त्यावर किंमत ठरली. याला सिस्टीम म्हणवत नाही. हा लॉटरीचा प्रकार झाला, फक्त तिकीट घाम गाळून काढावं लागतं.

प्रमाणपत्र हाच डेटा

वर्ल्ड कपपर्यंत न पोचणाऱ्यांचं काय? धाराशिव, तुळजापूर, कळंब, भूम-परांड्याकडच्या शाळांमधून जिल्हा, विभाग, राज्य असं खेळणारी मुलं-मुली आहेत. त्यांच्यासाठी करिअर म्हणजे एक कागद. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी तुमचं क्रीडा प्रमाणपत्र विभागीय उपसंचालकांच्या ऑफिसकडून पडताळून घ्यावं लागतं. स्पर्धा अधिकृत होती का, संघटनेला मान्यता होती का, किती टीम होत्या, हे सगळं बघतात.

हा ताप उगाच नाही. ट्रॅम्पोलिनसारख्या खेळाची बोगस प्रमाणपत्रं दाखवून नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणं राज्यात गाजलेली आहेत. त्यात खऱ्या खेळाडूची जागा जाते आणि वर पुढच्या सगळ्यांकडे संशयानं बघितलं जातं. म्हणून २०२३ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयानं राष्ट्रीय क्रीडा संघटनांना प्रमाणपत्रं डिजिलॉकरमधून द्यायला सांगितलं. डिजिलॉकरमधलं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या सिस्टीममधून थेट येतं, तुम्ही अपलोड केलेल्या स्कॅनसारखं ते नसतं. त्यामुळे शिक्का खरा का खोटा, हा वाद तिथं उरत नाही. तुम्ही खेळत असाल तर ॲपमध्ये 'इश्यूड' आणि 'अपलोडेड' यातला फरक नीट समजून घ्या. ड्राइव्हवर ठेवलेली पीडीएफ म्हणजे डिजिटल प्रमाणपत्र नव्हे.

पण प्रमाणपत्र इतकंच सांगतं की तुम्ही अमुक स्पर्धेत होता आणि टीमचा अमुक नंबर आला. तुम्ही कशा खेळलात, ते नाही सांगत. तीन मिनिटं पळून मॅच वाचवणारी आणि बाकावर बसलेली, दोघींचा कागद सारखाच.

आपल्याकडे आकडा आहे, आणि फार जुना आहे

खो-खोकडे आकडे नाहीत, असं समजू नका. मराठी पेपरचं क्रीडा पान उघडा. राज्य स्पर्धेच्या बातमीत नावापुढं कंसात लिहिलेलं असतं: इतकी मिनिटं, इतके सेकंद संरक्षण, इतके गडी बाद. कुणी 'नाबाद' असेल तर तेही. ही पद्धत कितीतरी वर्षांपासून आहे. प्रत्येक मॅचला टेबलावर गुणलेखक बसतो आणि कोण कधी आत आलं, कोण कितव्या सेकंदाला बाद झालं, खांबावर की सूर मारून, याची नोंद करतो. थोडक्यात, एनएफएलला चिप लावून जो हिशोब सुरू करावा लागला, त्याचा हातानं लिहिलेला साधा अवतार आपल्याकडे आधीपासून आहे. फक्त तो कागदावर आहे, आणि स्पर्धा संपली की ते कागद कुठल्या तरी कपाटात जातात.

हे कागद डिजिटल केले तर? इथंच रनिंग बॅकची गोष्ट कामाला येते, कारण तीच गफलत इथं होऊ शकते. 'हिची सरासरी दोन मिनिटं, तिची दीड, म्हणजे ही भारी' असा हिशोब केला की फसलात.

पारंपरिक खो-खोत संरक्षक तीनच्या तुकडीनं आत येतात आणि प्रत्येकीचा वेळ तुकडी आत आल्यापासून मोजतात. समजा आक्रमण करणाऱ्या टीमनं ठरवलं की सगळ्यात धोकादायक खेळाडूला आधी गाठायचं. सगळा पाठलाग तिच्यामागं. ती ५० सेकंदांत बाद झाली. बाकीच्या दोघी तेवढा वेळ दुसऱ्या टोकाला श्वास घेत उभ्या होत्या, त्या पुढं दोन-दोन मिनिटं टिकल्या. कागदावर सगळ्यात कमजोर कोण दिसेल? जिला सगळ्यात जास्त घाबरले तीच. बार्कलीच्या ९६२ यार्डांसारखंच आहे हे, आजूबाजूला काय चाललं होतं ते आकड्यात दिसत नाही.

दुसरी गडबड 'नाबाद'ची. डावाचा वेळ संपला तेव्हा एक जण १ मिनिट २० सेकंदांवर नाबाद होती. दुसरी १ मिनिट ४० सेकंदांवर बाद झाली. दुसरी चांगली, असं म्हणता येईल का? नाही ना. पहिली आणखी किती पळाली असती, ते कळायच्या आधीच शिट्टी वाजली. युट्यूबवर फोनची बॅटरी टेस्ट बघता ना, त्यात व्हिडिओ संपला तरी एखादा फोन चालूच असतो. त्याचा आकडा 'अमुक तास' असा धरत नाहीत, 'किमान अमुक तास' असा धरतात. आकडेशास्त्रात अशा अर्धवट नोंदींसाठी वेगळी पद्धत आहे, औषधांच्या चाचण्यांमध्ये ती रोज वापरतात. खो-खोला ती जशीच्या तशी लागू पडते. कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स किंवा स्टॅटिस्टिक्स शिकणाऱ्यांनो, प्रोजेक्टला विषय शोधत असाल तर इतका चांगला विषय शोधून सापडणार नाही. सगळे जण तेच ते घरांच्या किमतीचं प्रेडिक्शन करतात.

तिसरी गोष्ट, समोरची टीम. वर्ल्ड कपच्या पहिल्या मॅचमध्ये आपल्या महिलांनी दक्षिण कोरियाला १७५-१८ असं हरवलं. खो-खो नुकता शिकलेल्या टीमविरुद्धचे ते आकडे आणि नेपाळविरुद्ध फायनलमधले आकडे एका रांगेत मांडून सरासरी काढली तर ती कुणाच्याच उपयोगाची नाही.

मोबाईलनं काय होईल, आणि काय होऊ द्यायचं नाही

चिप, रिसीव्हर हे खर्चाचं काम आहे, जिल्हा स्पर्धेला कुणी लावणार नाही. पण मैदान छोटं आहे, ही आपली जमेची बाजू. खांबामागं थोड्या उंचीवर एक साधा फोन ट्रायपॉडवर लावला तर जवळपास सगळं मैदान फ्रेममध्ये येतं. व्हिडिओतून माणसाचे सांधे ओळखून हालचाल काढणारी सॉफ्टवेअर, ज्याला पोझ एस्टिमेशन म्हणतात, आज फुकट मिळतात. मैदानाच्या रेषा आणि खांबांमधलं अंतर माहीत असल्यामुळे पिक्सेलचे मीटर करता येतात. अडचण येते ती ओळख पटवताना. सगळ्यांचे कपडे सारखे, आणि दोघी एकमेकींना ओलांडून गेल्या की सॉफ्टवेअर नावं अदलाबदल करतं. तिथं गुणलेखकाचा कागद लागतोच. माझ्या मते कागद आणि व्हिडिओ दोन्ही जोडले तरच यातून काही निघेल. नुसत्या एआयच्या भरवशावर गेलं तर सुंदर दिसणारे चुकीचे आकडे मिळतील.

आणि आता अवघड भाग. ज्यांचं शूटिंग होणार त्यातल्या बऱ्याच मुली १४-१५ वर्षांच्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरलंय. त्यांचा डेटा वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलांच्या ट्रॅकिंगवर बंधनं आहेत. उद्या एखादी कंपनी शाळेत येऊन 'आम्ही फुकट ॲनालिसिस देतो' म्हणाली, तर सगळ्यात आधी विचारायचं की व्हिडिओ कुणाकडे राहणार, किती दिवस, आणि मुलीनं मागितला तर पुसणार का. खेळाचे शिक्षक हे विचारायला कचरतात, कारण कुणीतरी फुकट काही देतंय हेच अप्रूप असतं.

अमेरिकेत हा प्रश्न उशिरा का होईना पण खेळाडूंनी हातात घेतला. २०१७ मध्ये एनएफएल खेळाडूंच्या संघटनेनं व्हूप या मनगटी बँड बनवणाऱ्या कंपनीशी करार केला. त्यात झोप, थकवा, हृदयाची गती याचा डेटा खेळाडूच्या मालकीचा राहील आणि हवा तर तोच तो विकू शकेल, असं ठरलं. मैदानावरच्या चिपचा हिशोब मात्र लीगकडेच आहे. म्हणजे तिथंही भांडण अर्ध्यावर आहे. पण त्यांच्याकडे भांडायला संघटना तरी आहे. आपल्याकडच्या खो-खोपटूंची तशी खेळाडूंची संघटना माझ्या बघण्यात नाही. संघटना आहेत त्या खेळ चालवणाऱ्यांच्या.

या वेळी आपल्याला एक फायदा आहे. रनिंग बॅकच्या बाबतीत आधी डेटा आला, मग भाव पडला आणि मग खेळाडू झूमवर बसले. खो-खोत डेटा अजून यायचाय. तो येताना गुणपत्रकाची एक प्रत खेळाडूच्या हातात पडली, तर नोकरीच्या अर्जाला, लीगच्या निवडीला आणि पुढं कधी मोबदल्यावर बोलायची वेळ आली तर तेव्हाही तिच्याकडे स्वतःचा कागद असेल. यासाठी ना स्टार्टअप लागतो, ना फंडिंग. मॅच संपली, पंचांच्या सह्या झाल्या की टेबलापाशी जायचं, परवानगी मागायची आणि गुणपत्रकाचा फोटो काढायचा. फोटोत तारीख, स्पर्धेचं नाव, दोन्ही टीमची नावं आणि सह्या नीट दिसल्या पाहिजेत. नाबाद असाल तर तो शब्द कापला जाऊ देऊ नका. आणि फोटो फक्त ग्रुपवर टाकून ठेवू नका. व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं, आणि वर्षभरानं झूम करून बघितलं की १ आणि ७ सारखेच दिसतात.